वसईहून निघालेल्या घंटा

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाच्या उत्तरेला घाटी दरवाजा आहे. तिथली मोठी घंटा दिवसातून पाच वेळा वाजवण्याची जुनी रीत आहे. याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आजरा-गडहिंग्लजकडे, कोकण आणि गोव्याशी नाते सांगणारी कॅथलिक घरे आहेत. त्यांच्या धर्मात घंटेची वेळ दिवसातून तीनदा येते: सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला. दोन्ही घंटा ऐकणाऱ्याला एकच सांगतात, हातातले काम क्षणभर थांबव. असे असले तरी एका धर्माची घंटा दुसऱ्या धर्माच्या देवळात सहसा जात नाही. अठराव्या शतकात मात्र मराठी मुलखात ती गेली, आणि एकदोन नव्हे, बऱ्याच गेल्या. वसईच्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा नाशिक, भीमाशंकर, मेणवली आणि पाली इथल्या देवळांत टांगल्या गेल्या. या प्रवासाची सुरुवात एका युद्धात झाली आणि त्या युद्धात आपल्या इचलकरंजीकरांचाही मोठा हात होता.

आधी त्या घंटा मुळात काय काम करत होत्या ते पाहू. कॅथलिक उपासनेत घंटा दोन ठिकाणी असते. एक मनोऱ्यात, गावासाठी. दुसरी वेदीजवळ, हातात मावेल एवढी, मिस्सासाठी म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेसाठी जमलेल्या लोकांसाठी. मनोऱ्यातली घंटा मिस्साला बोलावते, लग्नात आनंदाने वाजते, कुणी गेले की संथ ठोके देते आणि दिवसातून तीनदा आंजेलुसच्या प्रार्थनेची वेळ सांगते. दुपारच्या घंटेमागे राजकारण आहे. १४५६ मध्ये तुर्कांनी बेलग्रेडला वेढा घातला, तेव्हा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा हुकूम काढला. म्हणजे युद्ध आणि घंटा यांची गाठ वसईच्या फार आधी पडलेली होती.

वेदीजवळच्या छोट्या घंटेचे कारण अगदी व्यवहारातले आहे. जुनी मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि पाद्री वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभा असे. सगळ्यांत पवित्र शब्द तो पुटपुटल्यासारखे उच्चारी. मागे बसलेल्या आगरी-कोळ्याला काय कळणार? पाद्री भाकर आणि प्याला उंच धरी तेव्हा घंटा वाजे आणि सगळे मान झुकवत. तेराव्या शतकापासून ही पद्धत युरोपात रुजली. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पाद्री लोकांकडे वळला, मिस्सा मराठीत आणि कोंकणीत आली, तसे त्या घंटेचे मूळ काम संपले. तरीही बहुतेक ठिकाणी ती अजून वाजते. सवय मोडणे देवाच्या घरीही अवघडच असते.

वर्षात सुमारे दोन दिवस असेही येतात की या घंटा मुक्या राहतात. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या मिस्सात ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र म्हणताना त्या वाजतात आणि मग ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत गप्प. ख्रिस्ताच्या मृत्यूचा शोक म्हणून त्या काळात लाकडी खटखटी वापरायची रीत आहे.

आणखी एक गोष्ट, जी पुढच्या कथेला फार लागू आहे. कॅथलिकांच्या लेखी मनोऱ्यातली घंटा म्हणजे नुसते धातूचे भांडे नसते. जुन्या विधीप्रमाणे बिशप तिला पवित्र पाण्याने धुतो, बाहेरून सात आणि आतून चार ठिकाणी पवित्र तेलाने क्रूस काढतो, तिला एखाद्या संताचे नाव देतो. लोक याला सरळ घंटेचा बाप्तिस्मा म्हणत. घंटेच्या अंगावर ओतकामातच क्रूस, येशूच्या नावाची अक्षरे, मारियाची आकृती, साल असे काही उठवलेले असे. अशा नाव ठेवलेल्या घंटा वसईहून निघाल्या.

त्या वसईत होत्या कारण वसई दोनशे वर्षे पोर्तुगीजांची होती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने टेकीला आला होता. त्याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे दमण, दीव, चौल, ठाणे, साष्टी असा मोठा पट्टा ‘उत्तर प्रांत’ म्हणून गोव्याच्या हाताखाली आला आणि वसई त्याची राजधानी झाली. मराठे या मुलखाला फिरंगाण म्हणत. किल्ल्याच्या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचा मठ आणि चर्च होते. संत योसेफाच्या मुख्य चर्चचा मनोरा अजून उभा आहे. या शहरात जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत.

घंटा युरोपातून जहाजाने येत, तशा इकडेही ओतल्या जात. जुन्या गोव्यातल्या सी कॅथेड्रलची ‘सोन्याची घंटा’ १६५२ मध्ये गोव्यातल्याच कुंकळ्ळीला ओतलेली आहे. हे तेच कुंकळ्ळी, जिथे देवळे पाडल्याच्या रागातून १५८३ मध्ये गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले होते. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, शिक्षांचा जाहीर सोहळा असे तेव्हा हीच घंटा वाजे असे सांगतात. घंटेच्या गोड आवाजाबद्दल लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नाही. त्या मनोऱ्यांच्या छायेत राहणाऱ्या हिंदूंना तो आवाज वेगळाच ऐकू येत असणार.

उत्तर प्रांतातही तक्रारी त्याच होत्या. देवळे पाडलेली, लग्न-मुंज उघडपणे करायला बंदी, शिवाय १५५९ च्या राजाज्ञेनुसार अनाथ हिंदू मुले पाद्र्यांच्या ताब्यात. जमीन पोर्तुगीज सरदारांनी वाटून घेतलेली. अठराव्या शतकात ठाण्याला नवा किल्ला बांधायला घेतला तेव्हा रयतेची वेठबिगारी वाढली. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी वर्षानुवर्षे पुण्याला खेटे घालून पेशव्यांना या मुलखाची खबर दिली. साष्टीच्या बखरीत त्यांची ही खटपट तपशिलाने येते. धर्माचे दुःख खरे होते. त्याच्या जोडीला बंदरांचे उत्पन्न, कोकणपट्टीचा ताबा आणि आंग्र्यांच्या भांडणात पोर्तुगीजांनी घातलेले हात ही कारणेही होती. पेशवा बाजीराव नुसत्या फिर्यादीवर फौज हलवणारा माणूस नव्हता.

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी रात्री खाडी ओलांडून ठाणे घेतले. किल्ला अजून अर्धाच होता आणि उत्तर प्रांताचा सेनापती लुईस बोतेल्यो पळाला. साष्टी हाती आली, पण वसई पडेना. तिला तीन बाजूंनी पाणी होते आणि उघडी जमीन एकाच बाजूला. मग बाजीराव उत्तरेत, भोपाळला निजामाशी गुंतला आणि मोहीम रेंगाळली. १७३८ च्या अखेरीस बाजीरावाचा भाऊ चिमाजीअप्पा पुन्हा मोठ्या तयारीने उतरला. जानेवारी १७३९ मध्ये माहीम-केळवे आणि तारापूर पडले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर कामी आला. हा चिमाजीचा जिवलग होता.

इथे कोल्हापूरच्या वाचकाला अभिमान वाटावा असा भाग येतो, जो वसईच्या कथेत बहुतेक वेळा एका ओळीत आटोपला जातो. इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे हे बाजीराव-चिमाजींचे मेहुणे. अनुबाई या त्यांच्या पत्नी, पेशव्यांच्या सख्ख्या बहीण. व्यंकटराव त्याच जानेवारीत घाट उतरून थेट गोव्यात शिरले. त्यांनी मडगाव घेतले आणि राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला. व्हाइसरॉय कोंदे द सांदोमिल याच्यापुढे प्रश्न उभा राहिला: वसईला कुमक पाठवायची की स्वतःची राजधानी राखायची? गोव्याचे हात बांधले गेले आणि वसई एकटी पडली. युद्धशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर वसईच्या विजयाचा अर्धा पाया गोव्यात रचला गेला, असे माझे मत आहे.

फेब्रुवारीत वेढा आवळला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले. तिकडे मार्चमध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली होती आणि बाजीरावाला आपली फौज उत्तरेला हवी होती. पावसाळाही जवळ येत होता, म्हणून चिमाजीला घाई होती. आत पोर्तुगीजांची दशा वाईट झाली होती. किल्लेदार सिल्वेरा दे मिनेझेस मारला गेला, त्याच्या जागी काएतानो द सौझा परेरा आला. मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली, तर त्यांनी पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून. म्हणजे पहिली हानी वेदीवरच्या चांदीची झाली आणि ती शत्रूने नव्हे, ख्रिस्ती सावकाराने केली. इंग्रज प्रोटेस्टंट होते, हेही विसरायला नको.

मे महिन्यात मराठ्यांनी सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली पेरलेले सुरुंग उडाले. काही सुरुंग आपल्याच माणसांवर उलटले. हल्ल्यामागून हल्ला झाला. अखेर १६ मे १७३९ ला पोर्तुगीजांनी शरणागतीची बोलणी केली. इतिहासकार ग्रँट डफ मराठ्यांची हानी पाच हजारांवर आणि पोर्तुगीजांची आठशे अशी देतो. एका किल्ल्यासाठी ही किंमत फार मोठी आहे. चिमाजीने मात्र अटी उदार दिल्या. सैन्याने हत्यारांसह, मानाने बाहेर पडावे, ज्यांना जायचे त्यांनी आपली चीजवस्तू न्यावी, पाद्र्यांनी मूर्ती आणि पूजेच्या वस्तू न्याव्यात, राहतील त्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळता यावा आणि त्यांच्यासाठी काही चर्च राखून ठेवावीत. २३ मे रोजी पोर्तुगीज वसई सोडून गेले.

मूर्ती पेटीत घालून नेता येते. मनोऱ्यात टांगलेली, कित्येक मणांची घंटा उतरवून, बैलगाडीने धक्क्यावर आणून जहाजात चढवणे हे हरलेल्या, आठ दिवसांची मुदत मिळालेल्या माणसाचे काम नव्हे. घंटा मागे राहिल्या त्या अशा.

विजेत्याने त्यांचे काय करावे याची युरोपात ठरलेली रीत होती. जिंकलेल्या शहरातल्या घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क समजला जाई. शहराने पैसे भरून त्या सोडवायच्या, नाहीतर त्या वितळवून तोफा करायच्या. घंटा आणि तोफ यांचा धातू जवळजवळ एकच: तांबे आणि कथील. घंटेत कथील जास्त, सुमारे पाचवा हिस्सा, म्हणून ती खणखणते. तोफेत कमी, म्हणून ती फुटत नाही. मराठ्यांना तोफांची टंचाई कायमच होती. तरीही निदान या घंटा त्यांनी भट्टीत घातल्या नाहीत, त्या देवळात नेल्या.

याला एक जुना दाखला पोर्तुगीजांच्या शेजारघरचाच आहे. ९९७ मध्ये कोर्दोबाचा सेनापती अल्मन्सूर याने स्पेनच्या सांतियागोचे प्रसिद्ध तीर्थस्थान लुटले आणि तिथल्या घंटा कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला नेल्या. मशिदीत त्यांचे दिवे झाले. १२३६ मध्ये कोर्दोबा जिंकल्यावर राजा तिसऱ्या फर्नांदोने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत सांतियागोला पोचवल्या. तिथे घंटेचा आवाज बंद करून तिला दिवा केले होते. आपल्याकडे आवाज तसाच ठेवला, फक्त ऐकणारा देव बदलला. याचे कारणही सोपे आहे. मशिदीत घंटेला जागा नाही, देवळात ती मुळातच आहे.

आता या घंटा कुठे गेल्या? नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या दरवाज्यावर एक आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. गावाने देवळाचेच नाव नारोशंकर करून टाकले, आणि मोठ्याने, सतत बोलणाऱ्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणू लागले. गोदेला पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचले का, यावरून त्याचा अंदाज घेत. दुसरी घंटा वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि १७०७ हे साल. भीमाशंकरच्या देवळासमोरही क्रूस आणि मारिया मिरवणारी घंटा आहे. पालीच्या बल्लाळेश्वराची घंटा चिमाजीअप्पाने दिली असे तिथे सांगतात. पुण्यातल्या ओंकारेश्वराचे आणि शिरूरच्या रामलिंगाचे नावही या यादीत येते.

लोकांत गोष्ट अशी चालते की चिमाजीअप्पाने वसईहून पाच मोठ्या घंटा आणल्या आणि आपल्या हाताने निरनिराळ्या देवांना वाहिल्या. गोष्ट छान आहे, पण सगळी मानता येत नाही. चिमाजी डिसेंबर १७४० मध्ये वारला, वसईनंतर जेमतेम दीड वर्षाने. नाशिकचे देऊळ त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी उभे राहिले. मेणवली ज्या नाना फडणवीसांमुळे नावारूपाला आली, त्यांचा जन्मच १७४२ चा. तेव्हा यातल्या काही घंटा सरकारी कोठीत वा एखाद्या सरदाराकडे वर्षानुवर्षे पडून असल्या पाहिजेत, आणि मागाहून देऊळ बांधणाऱ्याने मागून घेतल्या असल्या पाहिजेत. प्रत्येक घंटा खास वसई किल्ल्याचीच असेल असेही नाही. उत्तर प्रांतात चर्च भरपूर होती आणि १७४० मध्ये चौलही पेशव्यांकडे आले. ‘वसईची घंटा’ या नावाखाली सगळ्या फिरंगाणाच्या घंटा जमा झाल्या असाव्यात.

आजकाल या घंटांपाशी उभे राहून दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक म्हणजे मराठ्यांनी शत्रूच्या देवाची घंटा आपल्या दारात टांगून सूड उगवला. दुसरे, मराठे किती सहिष्णू, मारियालाही देवळात जागा दिली. मला दोन्ही आजच्या गरजेतून आलेले वाटतात. त्या काळच्या माणसाच्या नजरेने पाहिले तर ही आधी लूट आहे आणि मग नवस. जिंकलेली उत्तम वस्तू देवाला वाहायची, ही रीत वज्रेश्वरीच्या देवळातही दिसते. वसई मिळाली तर देऊळ बांधीन हा चिमाजीचा नवस तिथे फेडला गेला. घंटेवरचा क्रूस कानशीने घासून टाकणे मुळीच अवघड नव्हते. कुणी घासला नाही. त्यात द्वेष नव्हता एवढे नक्की म्हणता येते. आदर होता असे म्हणायला मात्र पुरावा लागेल. बहुधा त्यांना आवाज आवडला, आणि अंगावर काय आहे याची फिकीर वाटली नाही.

वसईच्या ख्रिस्ती रयतेचे काय झाले? युरोपीय पाद्री गेले आणि त्यांच्या जागी गोव्याचे देशी पाद्री आले. किल्ल्यातले मठ ओसाड पडले, छपरे गेली. खेड्यापाड्यांतली उपासना मात्र चालू राहिली. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे-साष्टी घेतली आणि डिसेंबर १७८० मध्ये वसई. पुढे १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह करून मराठेशाहीच्या शेवटावर सही केली. वसईचे कॅथलिक या सगळ्यातून टिकले. आज वसईला स्वतंत्र धर्मप्रांत आहे, तो १९९८ मध्ये झाला, आणि तिथली मिस्सा मराठीत होते. गोव्यात पोर्तुगीजांनी स्वतःच्या घंटाही हलवल्या. १८३५ मध्ये धार्मिक पंथ बंद झाल्यावर जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची प्रचंड घंटा आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. आज पणजीला जाणारा माणूस जिन्यावर उभा राहून तिचाच फोटो काढतो.

देवळांतल्या घंटांची परिस्थिती तेवढी बरी नाही. बऱ्याच ठिकाणी त्यांना ऑइलपेंट फासला आहे, त्यात अक्षरे आणि साल बुजले आहे. ‘पंचधातूची घंटा’ असा फलक लावला जातो, जरी पाश्चात्त्य घंटेत मुख्यतः तांबे आणि कथीलच असते. लोखंडी लोळा बदलून भलताच जड बसवला तर कडेला चीर पडते आणि आवाज कायमचा जातो. देवस्थानांच्या विश्वस्तांनी एवढे केले तरी पुरे: रंग लावू नका, घंटेच्या चारी बाजूंचे फोटो काढा, अक्षरांचा ठसा कागदावर घ्या आणि ती नोंद देवस्थानच्या दप्तरात आणि जिल्ह्याच्या पुरातत्त्व कार्यालयात ठेवा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या जुन्या देवळात रुंद तोंडाची, जाड ओठाची मोठी घंटा दिसली, तर वाजवण्याआधी तिच्या अंगावर काय कोरले आहे ते एकदा नीट पाहा.